गोलपिठा कपाटात, मल्लिकाताई कुठे?

दर वर्षी १५ जानेवारीला नामदेव ढसाळांचा स्मृतिदिन येतो, महिन्याभराने १५ फेब्रुवारीला जयंती. विहारात फोटोला हार पडतो, कुणी कविता म्हणतो, कुणी पँथरचे दिवस सांगतो. आणि अलीकडे जवळजवळ प्रत्येक वेळी एखादी मुलगी उठून विचारते, मल्लिका अमर शेख यांचे पुस्तक इथे कुणी वाचले आहे का? मग सभेचे दोन तुकडे होतात. एक गट म्हणतो, बायकोला मारणाऱ्याचे कसले कवित्व, काढा त्याची पुस्तके कपाटातून. दुसरा गट म्हणतो, हे आपल्या नेत्यांना बदनाम करण्याचे कारस्थान आहे, असली पुस्तके विहारात नकोत. दोघांची मागणी एकच आहे, हे दोघांच्याही लक्षात येत नाही. दोघांनाही एक पुस्तक हटवायचे आहे.

आमचे म्हणणे सरळ आहे. ‘गोलपिठा’ कपाटात राहिला पाहिजे. ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ त्याच्या शेजारी आले पाहिजे. आणि हाराचा प्रश्न या दोन्हींहून वेगळा आहे, तो वेगळाच सोडवला पाहिजे.

आधी वस्तुस्थिती. ‘गोलपिठा’ १९७२ साली आला. त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली. मराठी कवितेत तोवर जी वस्ती नव्हती, जे शब्द नव्हते, जी माणसे नव्हती, ती या संग्रहाने आणली. प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही त्यातले कितीतरी शब्द अडले होते. पुढे ढसाळांना १९९९ साली पद्मश्री मिळाली, २००४ साली साहित्य अकादमीचा सुवर्णमहोत्सवी जीवनगौरव मिळाला.

मधल्या काळात, १९८४ साली, त्यांच्या पत्नीचे आत्मकथन आले. मल्लिका अमर शेख म्हणजे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफ घेऊन उभ्या राहिलेल्या शाहीर अमर शेखांची मुलगी, स्वतः कवयित्री. त्यांनी संसारात जे सोसले ते लिहिले. मारहाण लिहिली, दारू लिहिली, नवऱ्याकडून लागलेला गुप्तरोग लिहिला. चळवळीतल्या पुरुषांचे घरातले वागणे लिहिले. नवरा हयात असताना, त्याच्या नावाचा दरारा असताना लिहिले. या पुस्तकाचा जेरी पिंटो यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१६ साली आला, म्हणजे मूळ पुस्तकानंतर बत्तीस वर्षांनी. ‘गोलपिठा’ची चर्चा परदेशी विद्यापीठांत होत असताना मल्लिकाताईंचे पुस्तक आपल्याच लोकांत कुजबुजीच्या आवाजात सांगितले जात होते.

आता दुसऱ्या गटाचा युक्तिवाद बघू. तो तीन वाक्यांत संपतो. घरातली भानगड चव्हाट्यावर कशाला? शत्रूच्या हाती कोलीत कशाला? आणि ती बाई आपल्यातली होती कुठे?

पहिले वाक्य आपण यापूर्वी ऐकले आहे. १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले, तेव्हा आपल्यातल्याच शिकल्यासवरल्या, नोकरीला लागलेल्या काहींनी नेमके हेच म्हटले होते. उकिरडा कशाला उकरता, म्हणाले होते. आज ‘बलुतं’चा उल्लेख केल्याशिवाय दलित साहित्यावरचे भाषण पुरे होत नाही. गावकुसाबाहेरचे दुःख चव्हाट्यावर मांडणे हा विद्रोह, आणि घराच्या उंबऱ्याआतले दुःख मांडणे ही बदनामी, असा कायदा कुणी केला? बाबासाहेबांनी तर केलेला नाही. हिंदू कोड बिल रखडवले म्हणून १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा देणारा माणूस घराला राजकारणाबाहेर ठेवत नव्हता. लग्न, वारसा, पोटगी, घटस्फोट हे सगळे ‘घरातले’ विषय त्यांनी संसदेच्या पटलावर ठेवले होते.

दुसरे वाक्य कोलीताचे. शत्रूच्या हाती कोलीत पुस्तकाने जात नाही, पुस्तक लपवल्याने जाते. आपण जे वाचून, मांडून, तोलून ठेवले आहे ते उद्या कुणी ‘गौप्यस्फोट’ म्हणून विकू शकत नाही.

तिसरे वाक्य सर्वांत हलके आहे. बाई आपल्यातली नव्हती म्हणता, मग आपल्यातल्या बायांनी लिहिले ते तरी कुठे ठेवले आहे? बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ लिहिले आणि ते लिखाण वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. आंबेडकरी घरात आंबेडकरी बाईला वही लपवावी लागली. आपल्या कोकणातल्या, रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याच्या ऊर्मिला पवार यांनी ‘आयदान’मध्ये शिकणाऱ्या, लिहिणाऱ्या बाईला घरातून कसा अडसर होतो ते सांगितले. ऊर्मिलाताई आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक दिले, आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून, त्यांच्या तोंडून ऐकून. आपल्या विहारातल्या कपाटात यांतली किती आहेत? तेवढे मोजा आणि मग ‘आपल्यातली’ हा शब्द वापरा.

मालवण-कणकवली पट्ट्यात फिरताना आम्ही ही मोजदाद केली आहे. बहुतेक विहारांत एक लोखंडी कपाट असते. त्यात बाबासाहेबांच्या खंडांचे काही भाग, धम्मग्रंथ, स्पर्धा परीक्षेची जुनी पुस्तके, दोनचार कवितासंग्रह. बायांची आत्मकथने अपवादाने. एका ठिकाणी मल्लिकाताईंचे पुस्तक कुणीतरी भेट दिलेले होते. दाखल रजिस्टरात नोंद होती, कपाटात पुस्तक नव्हते. विचारले तर कार्यकर्ता म्हणाला, “ताई, ता पुस्तक पोरींच्या हाती देऊचा नाय म्हणान वर ठेवलंसा.” वर म्हणजे माळ्यावर, सतरंज्यांच्या खाली. पोरींना कशापासून वाचवायचे होते? मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून की मारहाणीचे वर्णन करणाऱ्या पुस्तकापासून?

पण हा दोष केवळ विहाराच्या माथी मारून गावातल्या मोठ्या वाचनालयांना मोकळे सोडता येणार नाही. त्यांची तऱ्हा वेगळी आहे. १९६७ च्या कायद्याखाली मान्यता आणि ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ दर्जाप्रमाणे सरकारी अनुदान घेणारी ही वाचनालये सार्वजनिक आहेत. तरी तिथल्या ग्रंथनिवडीत एक न लिहिलेला नियम चालतो. कादंबरीच्या कपाटात कादंबरी असते, चरित्राच्या कपाटात चरित्र असते, आणि आपले सगळे, कविता असो, कथा असो, आत्मकथन असो, वैचारिक असो, ‘दलित साहित्य’ नावाच्या एका खालच्या फळीवर कोंबलेले असते. बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आहे, तो मराठी कथेच्या रांगेत का नाही? अण्णाभाऊ साठ्यांच्या ‘फकिरा’ला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, तरी कित्येक वर्षे अण्णाभाऊंना ‘लोकप्रिय’, ‘रंजक’ म्हणून समीक्षेच्या अंगणाबाहेर बसवले गेले. वामनदादांच्या गीतांच्या पुस्तिका, जलशांची पुस्तके, ६ डिसेंबरला शिवाजी पार्कात लाखो लोक विकत घेतात ती पातळ पुस्तके, यांना तर ‘पुस्तक’ म्हणायलाच कुणी तयार नसते. दाखल रजिस्टरात त्यांचा नंबर पडत नाही.

हा नुसता अभिरुचीचा मामला नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. समीक्षकांनी नाक मुरडले, पण वाचनालयांनी त्या ठेवल्या, झिजेपर्यंत फिरवल्या, कारण वर्गणीदार मागत होते. म्हणजे वाचकाने मागणी केली की प्रकारावरचा शिक्का ग्रंथपालाला अडवत नाही. अडवतो तेव्हा त्या शिक्क्याखाली जात असते.

आणि इथेच लेखकाच्या वर्तनाचा प्रश्न आणि साहित्यप्रकारावरचा शिक्का एकमेकांत गुंततात. सवर्ण लेखक वाया गेला तर तो कलंदर, अवलिया, मनस्वी. त्याचा दोष त्याच्यापुरता. दलित कवी घरात वाईट वागला की आरोपीच्या पिंजऱ्यात सगळे दलित साहित्य उभे. “बघा, हे असलेच.” आपल्यातला दुसरा गट गप्प बसवण्याची भाषा बोलतो ती या भीतीपोटी. भीती खरी आहे. उपाय मात्र चुकीचा आहे. ज्या मापाने आपल्याला मोजले जाते ते माप खोटे असेल तर माप बदलायची मागणी करायची असते. आपल्याच घरातल्या साक्षीदाराचे तोंड दाबून माप बदलत नाही.

खरे माप कसे दिसते ते मराठीतच दाखवता येते. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त रेव्हरंड टिळकांचा संताप, लहर, संसाराकडे पाठ फिरवणे सगळे लिहिले. पुस्तक अभिजात ठरले, आणि टिळकांच्या कविता कुणी फाडल्या नाहीत. सुनीता देशपांडे, त्याही रत्नागिरीच्या, यांनी १९९० साली ‘आहे मनोहर तरी’ लिहिले. पु. ल. देशपांडे हे महाराष्ट्राचे लाडके दैवत. वाचक दुखावले, वाद झाले. पण आज कोणत्याही वाचनालयात दोघांची पुस्तके मिळतात, तीही उघड्या कपाटात. या दोन संसारांतल्या तक्रारी आणि मल्लिकाताईंनी सांगितलेली हिंसा एका पातळीची नाही, हे उघड आहे. म्हणून तर प्रश्न अधिक टोकदार होतो. स्वभावदोष सांगणाऱ्या पुस्तकांना दर्शनी कपाट, आणि मारहाण सांगणाऱ्या पुस्तकाला माळा?

आता पहिल्या गटाकडे वळू. त्यांचा राग आम्हाला समजतो, तो रागच या चर्चेला पुढे आणतो. पण ‘पुस्तके काढा’ ही मागणी कुठे नेते ते पाहा.

पाब्लो नेरूदा. नोबेल मिळालेला, डाव्यांचा लाडका कवी. त्याच्या मृत्यूनंतर १९७४ साली आलेल्या आत्मकथेत त्याने तरुणपणी सिलोनमध्ये असतानाची एक घटना लिहिली आहे. रोज सकाळी त्याच्या घराचा संडास साफ करायला एक तमिळ बाई येत असे, तिथल्या भाषेत ‘परया’ जातीची. एके दिवशी त्याने तिचे मनगट धरले आणि तिच्यावर बलात्कार केला. हे त्याने स्वतः लिहिले. ती बाई कोण होती? आपलीच. मैला उचलणारी, जातीबाहेरची, बिननावाची. २०१८ साली चिलीमध्ये सँतियागोच्या विमानतळाला नेरूदाचे नाव देण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा तिथल्या स्त्रीवादी संघटना या बाईच्या बाजूने उभ्या राहिल्या. विमानतळाला ते नाव लागले नाही. पण विचार करा, नेरूदाचे ते पुस्तकच ग्रंथालयांतून काढून टाकले तर काय उरेल? त्या बाईचा जगात तेवढाच एक पुरावा आहे. पुस्तक जाळले तर कवी सुटतो आणि बाई पुन्हा एकदा नाहीशी होते.

दुसरे उदाहरण थेट ग्रंथालयातले. पुस्तकाच्या पाठीवर जो आकडा चिकटवलेला असतो, मराठी साहित्यासाठी ८९१.४६, तो मेल्विल ड्यूईच्या पद्धतीतला. ही पद्धत १८७६ सालची. या ड्यूईने स्वतःच्या क्लबात ज्यूंना आणि कृष्णवर्णीयांना मज्जाव केला होता, आणि महिला ग्रंथपालांशी केलेल्या वर्तनाच्या तक्रारींमुळे १९०६ साली त्याला अमेरिकन ग्रंथालय संघाच्या कामातून बाजूला व्हावे लागले होते. ज्या संघाच्या संस्थापकांत तो होता त्याच संघाने २०१९ साली आपल्या पदकावरचे त्याचे नाव काढले. आकडे मात्र कुणी खरवडले नाहीत. पदक हा मान असतो, आकडा हे काम असते. मान परत घेता येतो, आणि घ्यायचा असतो. कामावर त्याच्यासोबत हजारो लोकांचा हक्क असतो.

हा भेद आपल्याला परदेशातून आणायची गरज नाही, आपल्याकडे तो १९२७ पासून आहे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली. का जाळली? तिची सत्ता नाकारण्यासाठी. बाबासाहेबांनी मनू वाचणे त्या दिवशी थांबवले का? उलट ‘शूद्र पूर्वी कोण होते?’पासून ‘क्रांती आणि प्रतिक्रांती’पर्यंत ते मनूच्या पानापानावर बोट ठेवून त्याच्याशी भांडत राहिले. दहन हा सार्वजनिक निकाल होता, वाचन हा पुरावा होता. राजगृहाच्या ग्रंथसंग्रहात विरोधकांचे ग्रंथ खच्चून भरलेले होते. पुरावा नष्ट करून खटला जिंकता येत नाही, हे बॅरिस्टर माणसाला कुणी शिकवायला नको होते.

आणि पुस्तकातून पाने काढण्याचा अनुभव तर आपण भोगला आहे. १९८७ साली शासनाने बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड, ‘रिडल्स’, प्रसिद्ध केला. राम-कृष्णावरच्या परिशिष्टावरून गदारोळ उठला, ते वगळण्याचा घाट घातला गेला. १९८८ च्या सुरुवातीला मुंबईच्या रस्त्यावर लाखोंचा निळा मोर्चा उतरला. शेवटी परिशिष्ट राहिले, सोबत शासन या मतांशी सहमत आहे असे नाही अशी टीप आली. टीप लावा, पान फाडू नका, हा आपला लढून मिळवलेला तोडगा आहे. जे तत्त्व आपण आपल्या बापाच्या पुस्तकासाठी रस्त्यावर मांडले, ते आपल्यातल्या बाईच्या पुस्तकाला आणि आपल्यातल्या दोषी कवीच्या पुस्तकालाही लागू होते.

कुणी विचारेल, लेखक जिवंत असेल तर? त्याला पैसा, सत्ता, मंच मिळत राहतो त्याचे काय? बरोबर प्रश्न आहे. तिथे आमचे उत्तर वेगळे आहे. जिवंत लेखकावर बाईची तक्रार असेल तर त्याला प्रमुख पाहुणा करू नका, पुरस्कार देऊ नका, मुलींच्या शिबिरात मार्गदर्शक म्हणून पाठवू नका, तक्रार करणारीला एकटे पाडू नका. आधीच कपाटात असलेली प्रत मात्र राहू द्या. हार, खुर्ची, माइक हे सगळे मानाचे. ते चळवळीच्या हातात आहे आणि ते काढून घेण्यात चळवळीने कुचराई करू नये. नेमकी उलटी गोष्ट घडते हे दुखणे आहे. माइक चालू राहतो आणि पुस्तक माळ्यावर जाते.

म्हणून सिंधुदुर्गातल्या विहारांत, वाड्यांवरच्या वाचनकट्ट्यांत काम करणाऱ्या तरुणांपुढे आम्ही नेमकी मागणी ठेवतो. एक, ‘गोलपिठा’ आणि ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ एकाच फळीवर शेजारी ठेवा, एक नेणाऱ्याला दुसरे आहे हे सांगा. दोन, ग्रंथनिवडीला जे बसतात त्यांत निम्म्या बाया असू द्या, चहा करायला नव्हे, यादी करायला. तीन, गीतांच्या, जलशांच्या पुस्तिका दाखल रजिस्टरात नंबर टाकून नोंदवा. चार, तालुक्याच्या अनुदानित वाचनालयाचे सभासद व्हा, वर्गणी भरा आणि मागणीवहीत बागुल, बेबी कांबळे, ऊर्मिला पवार लिहा, दर महिन्याला लिहा. ‘दलित साहित्य’ ही वेगळी फळी काढून कथा कथेत, कविता कवितेत, चरित्र चरित्रात लावायला सांगा. आणि पाच, पुढच्या १५ जानेवारीला हार घालण्याआधी मल्लिकाताईंच्या पुस्तकावर तासभर चर्चा ठेवा. त्यानंतरही हार घालावासा वाटला तर तो डोळे उघडे ठेवून घातलेला हार असेल. नाही वाटला तर कविता वाचा, त्यासाठी हार लागत नाही.

वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावचे कृष्णाजी अर्जुन केळुसकर. याच जिल्ह्याच्या मातीतला हा माणूस. १९०७ साली मॅट्रिक झालेल्या भिवा आंबेडकर या पोराला त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र हातात दिले. या पोराला हे झेपेल का, तो बिघडेल का, असा हिशेब त्यांनी केला नाही. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक ही दोन आहेत. केळुसकर गुरुजींनी ती चोवीस वर्षे आधी पाळली होती. त्या एका पुस्तकाची वाट १९५६ ला नागपुरात पोचली.

आज आपल्या वाडीतल्या एखाद्या मुलीला हे कळायला हवे आहे की मार खाणे हे तिचे नशीब नाही, आणि मारणारा कितीही मोठा कवी, कार्यकर्ता, नेता असला तरी ते लिहिता येते, छापता येते. तिचे पुस्तक तिच्यासाठी छापून चाळीस वर्षे झाली. ते माळ्यावरून खाली काढा.

जय भीम.